बुजवलेल्या नळीची नोंद कुठेच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या डिझेल गाड्यांचा ‘ईजीआर’ (प्रदूषण कमी करणारा इंजिनावरचा एक व्हॉल्व्ह) ‘बंद करून देणे’ हे काम आपल्या भागातल्या गॅरेजांत आता ऑइल बदलण्याइतके नित्याचे झाले आहे. त्याचा धूर-प्रदूषणाच्या अंगाने कधीमधी उल्लेख होतो, पण ब्रेकशी असलेला त्याचा संबंध फारसा कोणी सांगत नाही. मला तो गेल्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात कळला.

अंबाजोगाईहून केज, नेकनूरमार्गे बीडला जाताना घाट उतरावा लागतो. दुपारची वेळ होती आणि पुढे उसाचा रिकामा ट्रक होता, त्यामुळे दर वळणावर ब्रेक दाबणे भाग होते. चार-पाच वेळा दाबल्यावर पेडल एकाएकी दगडासारखे घट्ट झाले. गाडी थांबेना असे नव्हे, पण दोन्ही पाय लावून उभे राहावे तेव्हा कुठे ती हळू होत होती. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकचा आधार घेत कशीबशी खाली उतरलो आणि बीडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्याने बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि कान देऊन ऐकले. सापाने फुत्कारावे तसा बारीक आवाज येत होता. बोटभर लांबीची एक काळी रबरी नळी त्याने ओढून काढली. तिच्या तोंडात पत्र्याचा स्क्रू पिळून बसवलेला होता आणि त्याच्या आट्यांनी चिरलेले रबर उन्हाने व इंजिनच्या उष्णतेने उभे फाटले होते. “काका, हे तुम्ही केलंय का?” असे त्याने विचारले. मी केले नव्हते. गाडी २०१२ सालची आहे आणि ती मी तीन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून घेतली आहे.

झाले होते ते असे. ईजीआर व्हॉल्व्ह हा जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान खाली राहते आणि फार उच्च तापमानात तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात. माझ्या गाडीसारख्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा खेचून निर्माण केलेल्या ओढीवर, उघडतो. पेट्रोल इंजिनाला इनटेक मॅनिफोल्डमधून आपोआप व्हॅक्यूम मिळते. डिझेलला ते तसे पुरेसे मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, काही गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे, काहींत कॅमशाफ्टवर. ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही याच पंपावर चालतो. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने ईजीआर काढून त्या जागी पत्र्याची चकती बसवली आणि त्याची मोकळी राहिलेली नळी स्क्रूने बुजवली. नळी फाटल्यावर पंपाचे अर्धे व्हॅक्यूम तिथूनच वाया जाऊ लागले. बूस्टरच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असतो, तो साठलेले व्हॅक्यूम राखून ठेवतो. म्हणून गावात एखाद-दुसरा ब्रेक मारताना काहीच जाणवत नाही आणि घाटात लागोपाठ ब्रेक लावावे लागले की तो साठा संपतो.

मिस्त्री लोक हे उगाच करतात असे मी म्हणणार नाही. ईजीआरमधून येणारी काजळी आणि इंजिनच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, विशेषतः जी गाडी घर ते शेत एवढीच धावते तिच्यात, आणि त्या थराने व्हॉल्व्ह अडकला की गाडी धूर ओकते व ओढत नाही. नवा व्हॉल्व्ह महाग असतो आणि चकती अगदी स्वस्तात होते. मात्र व्हॉल्व्ह काढून साफ करता येतो, हे गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. “पिकअप वाढतो” असे तेवढे सांगितले जाते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर चांगल्या स्थितीतला ईजीआर तसाही बंदच असतो, मग वाढणार काय? जाणवलेला फरक बहुधा अडकलेला व्हॉल्व्ह निघाल्याचा असतो. पेट्रोल गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) साठणारी वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, बुजवणारेही भेटतात. तिथे क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल सीलमधून तेल पाझरू लागते.

पीयूसीवर विसंबून राहाल तर तिथे हे पकडले जात नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत, आणि ईजीआर बंद केल्यावर काळा धूर उलट कमीच होतो. म्हणजे ज्या वायूसाठी तो व्हॉल्व्ह आहे तो वाढलेला असतानाही गाडी पास होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतरची ही तरतूद आहे. खिशात पीयूसी असलेल्या मला हे लागू होऊ शकते, याची कल्पनाही नव्हती.

गाडी नावावर करताना मी फॉर्म २९ आणि ३० भरले आणि विम्याचे कागद दिले. बॉनेट कोणी उघडले नाही. परिवहन खात्याला माझी विनंती एवढीच आहे की, इंजिनाचा जो भाग काढला किंवा बुजवला, त्याचा उल्लेख गॅरेजने बिलावर करणे बंधनकारक करावे, काढलेला भाग मालकाच्या हातात द्यावा आणि हस्तांतरणाच्या वेळी विकणाऱ्याने ते लेखी सांगावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी खासगी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला जाते, तेव्हा व्हॅक्यूमच्या नळ्याही पाहाव्यात. हल्ली पुण्या-मुंबईकडच्या जुन्या डिझेल गाड्या आपल्याकडे बीड, परभणी, नांदेड, लातूरकडे येतात. त्यांचा आधीचा इतिहास घेणाऱ्याला ठाऊक नसतो.

तोवर प्रत्येकाने घरच्या अंगणात एक गोष्ट करून पाहावी. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा म्हणजे पेडल घट्ट होते. मग त्यावर पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करावी. पाय थोडा खाली गेला पाहिजे. न गेल्यास बूस्टरला व्हॅक्यूम पोहोचत नाही असे समजून गाडी घाटाकडे नेऊ नये. माझ्या गाडीची नळी आता योग्य मापाच्या रबरी टोपीने आणि क्लिपने बंद आहे, नवा ईजीआर मागवला आहे, आणि तो स्क्रू मी मिस्त्रीकडून मागून घेतला, तो गाडीच्या खणात ठेवला आहे.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)