काट्यावरची वही

मारेगाव,
१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय सुध्या,

पोळ्याच्या आधी तुझा फोन आला तेव्हा मी 'वावरात आहे, मागून करतो' म्हटलं होतं. वावर ठेक्याने देऊन दोन वर्षं झाली हे तुला चांगलं माहीत होतं, तरी तू गप्प बसलास. ते गप्प बसणं मला पाच महिने पुरलं. तब्येती बऱ्या आहेत. बाबांचा मोतीबिंदू काढला, आता भिंतीवरचं कॅलेंडर वाचून आम्हालाच तिथ्या सांगतात. आईचे गुडघे आहेत तसेच.

मुद्द्यावर येतो. मी एक वही घातली आहे. हसू नको बे, आधी ऐक.

कापसातली सरकी काढणाऱ्या आमच्या जिनिंगात दसऱ्यापासून नवा मॅनेजर आला. नाव लिहीत नाही. आम्ही त्याला मागून 'मीटर' म्हणतो, कारण कापसाचा ओलावा मोजायच्या मीटरसारखा तो दिसेल त्याला टोचत फिरतो. फरक एवढाच की खरं मीटर आठ ते बारा टक्क्यांच्या आत आकडा आला की गप्प बसते. मी गाड्यांच्या वजनकाट्यावर अकरा वर्षं आहे, तुला माहीतच आहे. त्याने पहिल्या दिवसापासून माझं नाव घेतलं नाही. 'ए काटा.' बस.

वहीतलं पहिलं पान : 'दि. ४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०. सात-आठ गाडीवाले हजर. ए काटा इकडे ये, असे म्हणाले.' दुसरं पान २० नोव्हेंबरचं, विधानसभेच्या मतदानाचं. त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, कायदाच आहे. मीटर म्हणाला, 'तुह्या एका मतानं सरकार पडणार हाय का?' रात्री पावणेदहापर्यंत काटा चालू ठेवला. माझं मत राहिलं ते राहिलंच. ९ डिसेंबरला काट्याच्या खोलीतली खुर्ची उचलून नेली. खुर्ची असली की झोप येते म्हणे. सहा दिवस सरकीच्या पोत्यावर बसून वजनं घेतली. सातव्या दिवशी खुर्ची परत आली. का आली, तेही नाही सांगितलं. १७ तारखेला एका ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनात दीडशे किलोचा फरक निघाला, तर रांगेसमोर मला चोर म्हणाला. फरक कायचा होता तर ट्रॉलीत ताडपत्री आणि दोन माणसं बसली होती. ते अर्ध्या तासात कळलं. चोर हा शब्द मात्र परत कोणी नेला नाही.

तर ही वही मी बायकोला दाखवली. तिने चष्मा लावून चार पानं वाचली, मग म्हणाली, 'एवढंच? हे तं कोनाच्याबी हापिसात होते.' ती वाईट म्हणून बोलली नाही रे. खरंच कागदावर ते एवढंच दिसतं. तो 'काटा' म्हणताना आधी रांगेकडे पाहतो, मग थांबतो, लोक हसेपर्यंत थांबतो. आणि लोक हसतात. त्यांचा कापूस उभा असतो तिथं, क्विंटलला सात हजार पाचशे एकवीसचा हमीभाव पदरात पडायचा असतो, ते न हसून कुठं जातील? हे सगळं मी एकदा लिहिलं होतं. मग खोडलं. वकिलाने सांगितलं होतं, जे पाहिलं-ऐकलं तेवढंच लिही, वाटलं ते लिहू नको.

हो, वकील. वणीला जाऊन आलो. पाचशे रुपये घेतले, पण माणूस सरळ आहे. म्हणाला, साहेब टोचून बोलतो म्हणून वेगळा कायदा आपल्याकडे नाही. २०१३ चा आहे तो बायांच्या लैंगिक छळापुरता. शिवीगाळीला आधी कलम ५०४ होतं, ते आता ३५२ झालं. पोलिसात गेलास तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून कागद हातात देतील. तुझ्या हाती धरायला तास आहेत. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट म्हणतो, दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, वरचं काम झालं तर मजुरी दुप्पट. 'शिवीची पावती निघत नाही,' म्हणाला, 'तासाची निघते.' मला ते एवढं पटलं की चहाही मीच पाजला.

पुढचं ऐक. मीटर रात्री अकराच्या सुमारास ग्रुपवर आवाज पाठवतो, सकाळी उठून पाहावं तर मेसेज उडवलेला. पोराने शिकवलं, की आला की लगेच फोटो काढायचा, तारीख-वेळ दिसली पाहिजे. आवाज तेवढ्यात दुसऱ्या मोबाइलवर वाजवून भरून घ्यायचा. वकील म्हणतो, मूळ मोबाइल विकायचा नाही, त्यात काही पुसायचं नाही. जुलैपासून साक्षीचा नवा कायदा लागला, त्याच्या ६३ कलमाखाली मोबाइलमधल्या पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागते. म्हणजे हा फुटक्या काचेचा मोबाइल आता माझा साक्षीदार. नवा घ्यायचा होता, तो गेला.

आणि कंपनीचा एकही कागद बाहेर न्यायचा नाही, नाहीतर उलटं माझ्याच मागे चोरीचं लचांड. मग मतदानाच्या रात्रीच्या पावत्या कुठून आणू? रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं, एक प्रत कास्तकाराकडे असतेच की! त्यावर तारीख, वेळ आणि खाली माझं नाव. शेवटची गाडी बोटोणीकडच्या एका बुवांची होती. गेल्या रविवारी गेलो. त्यांनी पावती जपून ठेवली होती, देव्हाऱ्यात, समईच्या अगदी बाजूला. आता यंदापासून आमच्याकडे ते गरमीने छापणारं लहान मशीन आहे. त्या कागदाला धग लागली की तो काळा पडतो. अर्धी पावती कोळशासारखी. वजन गेलं, गाडी नंबर गेला. पण वर डाव्या कोपऱ्यात २०/११ आणि २१.४२ शाबूत! मी तिथंच हात जोडले. बुवांना वाटलं देवालाच जोडले. त्यांनी झेरॉक्स काढू दिली, चहा दिला, ओंजळभर तुरीच्या शेंगा दिल्या आणि निघताना म्हणाले, 'पावती ने बापू, पन मले गवाई नोको मांगू.'

गवाई कोणीच देत नाही. मग मी विठ्ठल फिटरला विचारलं. १७ तारखेला तो माझ्या शेजारी उभा होता, चोर शब्द त्याने माझ्याइतकाच ऐकला. वहीतलं ते पान पुढे केलं. त्याने बोळ्याने हात पुसले, एकेक बोट पुसलं, मग म्हणाला, 'सई नाही करत भाऊ. माघात पोरीचं लगन हाय.' पुन्हा ग्रीस लावायला वाकला.

मी वही घेऊन काट्यावर आलो आणि मला अमरावतीची आपली खोली आठवली. २००३. तुझ्याकडेही वही होती. तो सीनियर रात्री बारा वाजता तुला उठवून बादली वाजवत गच्चीवर नाचवायचा, आणि तू तारीख-वार लिहायचास. ९९ च्या रॅगिंगच्या कायद्याचं कात्रण पेपरातून कापून तू वहीला चिकटवलं होतंस. मला फक्त एक सही मागितली होतीस. मी पलंगावर पडल्या पडल्या म्हटलं, 'एवढंच ना बे? सीनियर आहेत, चालते.' माझ्याकडे तर लग्नाची पोरगीही नव्हती.

नंतर तू दीड वर्ष माझ्याशी बोलला नाहीस. बडनेऱ्याच्या फलाटावर चहा घेताना बोललास, तेही माझी सायकल हरवल्याचं कबूल करायला. त्या सायकलीचे तीनशे रुपये अजून बाकी आहेत, लिहून ठेव. पण सहीचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. बायको 'एवढंच?' म्हणाली तेव्हा मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. तो शब्द मी आधी वापरला होता.

सध्या चौतीस पानं भरली आहेत. एक गोष्ट तुलाच सांगतो. परवा मीटर खूप ओरडला, पाच लोकांसमोर, आणि मला आतून बरं वाटलं. पान भरलं म्हणून. घरी येऊन जेवण गेलं नाही.

वहिनींची बदली झाली का? ओमची दहावी ना यंदा, गणित कसं आहे? संक्रांतीचा तिळगूळ कुरिअरने येईल, पुण्याला पोचेपर्यंत भुगा झाला तर चमच्याने खा.

कामगार ऑफिसात अर्ज द्यायचा आहे, फेब्रुवारीच्या आत. पानांचे फोटो पाठवतो, वाच आणि काय गाळायचं ते सांग. आणि तुझी ती वही आहे का रे अजून? असेल तर पाहून सांग, तू त्यात नुसती वेळ लिहायचास, की वाटलं तेही लिहिलं होतंस?

तुझा,
गजू

ता.क. फोन रात्री कर, पण अकराच्या आत. त्यानंतर मोबाइल ड्युटीवर असतो.