एवढी लांब गाडी आणि तिच्यातली माणसं

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, एवढी लांब गाडी वळते कशी असं तुम्ही फोनवर विचारलंत. आणि आई, तुला काळजी की चारचौघांत काही फजिती झाली तर मी काय करते. फोनवर दोन्ही उत्तरं अर्धवट राहिली, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी चालवते त्या लिमोझिनमध्ये, म्हणजे खास प्रसंगी भाड्यानं घेतात त्या लांबलचक गाडीत, माणूस रोज बसत नाही. लग्न, सत्कार, निरोप, अंत्ययात्रा अशा एखाद्याच दिवशी बसतो. त्या दिवशी अंगावर जपून घातलेले कपडे असतात आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर असतात. काही बिघडलं तर आतल्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती लाज त्याच्यापर्यंत पोचू न देणं हे आमचं अर्धं काम. आणि जिथे जिवाशी गाठ आहे तिथे कोणी कितीही रुसलं तरी ठामपणे नाही म्हणणं, हे उरलेलं अर्धं.

आधी गाडी समजून घ्या. मोठी सेडान पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधून कापतात, मध्ये पोलादी चौकट आणि नवा पत्रा जोडतात. अमेरिकेत आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ इथे आर्मब्रस्टर कंपनीनं १९२८च्या सुमारास अशा गाड्या बांधायला घेतल्या. वाद्यवृंदातले वादक आणि त्यांची वाद्यं एकाच गाडीतून न्यायची, हा त्यांचा उपयोग. पुढे लिंकन टाउन कार ही या धंद्यातली ठरलेली गाडी झाली; तिचं उत्पादन २०११मध्ये थांबलं. तिची लांबी १२० इंच, म्हणजे तीन मीटर वाढवली की दहा माणसांची, साधारण साडेआठ मीटर लांब लिमोझिन होते. (जगातली सगळ्यात लांब गाडी ३०.५४ मीटरची आहे, २६ चाकांची. २०२२मध्ये तिची गिनीजमध्ये नोंद झाली. ती प्रदर्शनात बघायची चीज, कामाची नव्हे.)

लांबी वाढली की पत्र्याखालचं सगळंच वाढतं. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट एवढा लांब एकाच तुकड्यात ठेवला तर फिरताना मध्ये लवतो आणि थरथरतो. म्हणून त्याचे दोन-तीन तुकडे करून जोडावर बेअरिंगचा आधार देतात. ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, इंधनाची नळी, एक्झॉस्ट, वायरिंग सगळ्यांत जोड येतात, आणि जोड म्हणजे बिघाडाची जागा. ठरावीक वेगाला सीटखालून घुमल्यासारखा आवाज यायला लागला की आधी ते मधलं बेअरिंग बघायचं.

आता वळण. बाबा, हे तुम्हाला आवडेल, कारण यात पायथागोरस आहे. लिमोझिनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सुमारे ६ मीटर अंतर असतं. पुढचं चाक १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल तर मागचं ८ मीटरच्या वर्तुळावर जातं; १०, ८ आणि ६ चा काटकोन त्रिकोण. म्हणजे मागचं चाक पुढच्याच्या तब्बल २ मीटर आत कापतं. साध्या गाडीत चाकांमधलं अंतर २.७ मीटर धरलं तर हाच फरक जेमतेम ३७ सेंटीमीटर येतो. म्हणून कोपऱ्यावर नवा माणूस सवयीनं स्टिअरिंग फिरवतो आणि मागचं चाक फुटपाथवर चढतं, नाहीतर कोपऱ्यातला खांब मधल्या दाराला घासतो. नाक चौकात बरंच पुढे जाऊ द्यायचं, मग वळायचं, आणि नजर वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशात मागच्या चाकावर ठेवायची. यू टर्नला वीस मीटरपेक्षा जास्त रुंदी लागते, त्यामुळे तो विचार सोडूनच द्यायचा. रिव्हर्स घेताना खाली एक माणूस उभा करायचा आणि त्याला एकच नियम सांगायचा: तू मला आरशात दिसेनासा झालास की मी गाडी थांबवणार.

वळणापेक्षा जास्त फजिती चढाच्या माथ्यावर होते. भरलेल्या गाडीच्या पोटाखाली १५ सेंटीमीटर जागा धरा. एवढ्या लांब गाडीला दहा मीटरला एक मीटर असा साधा चढ संपून एकदम सपाट जमीन लागली, तरी तिथे पोट टेकायच्या बेतात येतं. तोच चढ साधी गाडी सहज ओलांडते. २३ मे २०११ रोजी डब्लिनमधल्या अमेरिकन वकिलातीतून बाहेर पडताना अध्यक्ष ओबामांच्या ताफ्यातली चिलखती कॅडिलॅक नेमकी अशीच फाटकातल्या उंचवट्यावर टेकली. धाडकन आवाज झाला आणि गाडी तिथेच अडकली. समोर गर्दी, कॅमेरे. तिथे ड्रायव्हर कसलेलेच असणार, पण त्या उंचवट्यापुढे कसब चालत नाही. तो आधी मापूनच ठेवावा लागतो. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साध्या गाडीनं जाऊन फाटकाची रुंदी, रॅम्पचा माथा आणि पोर्चमधली वळायची जागा बघून यायची. नकाशावर हे काही दिसत नाही.

तरीही गाडी टेकलीच तर ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. चाकं जागच्या जागी गरगरतात आणि वजन शाफ्टवर नि एक्झॉस्टवर येतं. माणसं उतरवायची. दहा जणांचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास होतं. ते उतरलं की स्प्रिंग मोकळ्या होऊन पोट काही सेंटीमीटर वर येतं आणि बऱ्याचदा गाडी तेवढ्यावर सुटते. नाही सुटली तर ठरलेल्या जागीच जॅक लावून चाकांखाली फळ्या सरकवायच्या; वाढवलेल्या मधल्या भागाच्या पत्र्याला जॅक लावला तर पत्रा आत जातो. तिरकी गाडी घालून माथा ओलांडता येतो, पण अगदी चालत्या माणसाच्या वेगानं, कारण एक चाक अधांतरी झालं की लांब सांगाडा पिळतो, दारं अडतात, पुढची काच तडकू शकते. आणि आई, उतरा म्हणायचं कसं तेही ठरलेलं आहे. 'वजन जास्त झालंय' असं कधीच म्हणायचं नाही. 'दोन मिनिटं इथे उभे राहता का, एवढा तुकडा मी एकटी काढते' म्हटलं की माणसं हसत उतरतात.

सकाळच्या तपासणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दाराची फट. लांब सांगाडा मध्ये बसायला लागला की दाराची वरची फट बारीक होते आणि खालची रुंदावते. अंगठ्याचं नख घालून दोन्हीकडे बघायचं. रिकाम्या गाडीत अलगद लागणारं दार माणसं बसल्यावर अडत असेल तर ती गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. या गाड्या कमी धावतात, त्यामुळे नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. शिवाय पोर्चमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवून वाट बघायची नाही. एक्झॉस्टचा एखादा जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

ब्रेकबद्दल मी कडक आहे. ६ ऑक्टोबर २०१८ला न्यू यॉर्क राज्यातल्या स्कोहारी इथे लांबवलेल्या एका फोर्ड एक्सकर्शनचे ब्रेक लांब उतारावर निकामी झाले आणि वीस माणसं गेली: आतले सतरा प्रवासी, ड्रायव्हर आणि रस्त्याकडेला उभे असलेले दोघं. त्याच्या महिनाभर आधी सरकारी तपासणीत ती गाडी रस्त्यावर आणायला नालायक ठरली होती. भरलेली लिमोझिन तीन टनांच्या घरात जाते. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, पेडल मऊ लागलं तर पुढे जायचंच नाही. दहाच्या गाडीत अकरावा बसवायचा नाही. गाडीच्या बाजूला लागून असलेल्या आडव्या लांब सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा, कारण जोरात ब्रेक लागला की त्या सीटवरची माणसं सरळ पुढे घसरत जातात. छताच्या खिडकीतून उभं राहून हात हलवायचे असतील तर गाडी उभी असताना, फोटोपुरते. हे सगळं दार उघडण्याआधी, ज्यानं गाडी ठरवली त्याला बाजूला घेऊन सांगायचं. पाहुण्यांसमोर सांगितलं तर त्याचा अपमान होतो आणि तो हट्टाला पेटतो.

नवरीचे कपडे हा वेगळाच विषय आहे. दाराच्या चौकटीवर कुलूप अडकतं तो लोखंडी आकडा ग्रीस लावलेला असतो, आणि पांढऱ्या कापडावर डाग पडतो तो बहुतेक तिथलाच. कार्यक्रमाआधी तो आकडा कोरड्या फडक्यानं लख्ख पुसायचा. नवरीनं बाहेर तोंड करून आधी बसायचं, मग पाय एकत्र आत घ्यायचे. मागचा घोळ बाहेरच्या माणसानं गोळा करून तिच्या मांडीवर द्यायचा. दार लावण्याआधी उंबऱ्यावरून खालपासून वरपर्यंत तळहात फिरवायचा, कारण डोळ्याला न दिसलेली किनार हाताला लागते. तरीही कापड सापडलंच तर ओढायचं नाही, दार पुन्हा उघडायचं. ग्रीसच्या डागाला पाणी लावायचं नाही. टाल्कम पावडर दाबून ठेवायची, ती तेल शोषते, मग हलकेच झटकायची. हे करताना मोठ्यानं 'अरेरे' म्हणणाऱ्याला आधी दूर पाठवायचं.

कोणाला मळमळणार हे आधी कळतं. आडव्या सीटवर बसलेला माणूस गप्प होतो, सारखा आवंढा गिळतो, कपाळ काचेला टेकवतो. गाडी सावकाश कडेला घ्यायची, त्याला मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटवर आणायचं, काच खाली. उलटी झालीच तर घट्ट भाग आधी उचलून घ्यायचा, मग टिपायचं, घासायचं नाही, आणि पाणी गारच वापरायचं. गरम पाण्यानं डाग नि वास दोन्ही गालिच्यात मुरतात. वरून खायचा सोडा पसरून वाळू द्यायचा. तेवढ्या वेळात इतरांना 'जरा इंजिन थंड होऊ दे' म्हणून पाय मोकळे करायला पाठवता येतं. एवढं खोटं मला चालतं.

मधल्या काचेच्या बाबतीत मात्र मला ते चालत नाही. ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यामधली काच खाली घ्यायची की वर, हे मागच्यांनी ठरवायचं. तिची मोटर अर्ध्यात अडकली, किंवा इंटरकॉम चालूच राहिला, तर लगेच सांगायचं की काच लागत नाहीये, मला ऐकू येतंय. भांडण ऐन भरात असलं तरी सांगायचं. क्षणभर सगळ्यांना अवघडतं, पण ऐकत बसणं हा विश्वासघात आहे. अडकलेली काच हातानं रेटायचीही नाही, आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकं तुटतात.

विमानतळावर 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही. दमलेला माणूस कशालाही हो म्हणतो आणि भलताच गाडीत येऊन बसतो. 'आपलं नाव सांगाल का?' असं विचारायचं. अंत्ययात्रेत जिभेवरची सवय सांभाळावी लागते. निरोप घेताना 'दिवस छान जावो' हे आपसूक तोंडातून निसटतं. तिथे फक्त 'सावकाश उतरा', बस.

आता तुमच्यासाठी. तुम्ही कधी अशा गाडीत बसणार असाल तर सगळ्यात मागची, पुढे तोंड असलेली सीट मागून घ्या आणि मागच्या दारानंच चढा; मधल्या दारानं शिरलात तर वाकून आत चालावं लागतं आणि बाबांच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. सीट खोल असते. आधी पाठ करून बसा, मग पाय आत घ्या. दाराच्या काचेला धरू नका, ती हलते. चौकटीला धरा, पण दार लागायच्या आत हात काढून घ्या. ड्रायव्हर दाराच्या वरच्या कडेवर हात ठेवील, तो तुमचं डोकं आपटू नये म्हणून. उतरताना हेच उलट क्रमानं, आणि आई, पदर आधी आवरून घे. बेल्ट दोघांनीही लावा. कोणी म्हणालं की जवळच तर जायचंय, तरी लावा.

बाबा, किती चढाच्या माथ्यावर पोट टेकतं हे रॅम्पचं गणित तुम्ही स्वतः करून बघा आणि पुढच्या फोनला मला उत्तर सांगा. चाकांमधलं अंतर ६ मीटर, पोटाखाली १५ सेंटीमीटर.

तुमची,
लेक