चि. वैशूस, अमळनेरहून

अमळनेर,
रविवार, दुपार

चि. वैशू,

अनेक आशीर्वाद.

तू धडगावला चक्कर येऊन पडलीस हे आम्हाला भूषणकडून कळलं, आणि भूषणला तुझ्या कुठल्याशा मैत्रिणीच्या स्टेटसवरून. सलाइन लावलेला हात, खाली हसरं तोंड. तुझ्या आईने तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. हात तुझाच होता. मांडे करायच्या नादात खापराला मनगट टेकलं होतं, तो डाग दिसतो. मी फोनवर मुद्दामच काही बोललो नाही. बोललो असतो तर स्टेशनवर झालं तेच झालं असतं. पत्राचं बरं असतं, मध्येच कोणी तोडत नाही.

तब्येतीबद्दल एकदाच लिहितो, मग विषय बंद. जेवणाच्या वेळा पाळ. झालं.

आता त्या दिवशीचं. तू खिडकीतून म्हणालीस, "आप्पा, आधी डोरथी डे वाचा, मग माझ्याशी बोला." मी म्हणालो, अमेरिकेतल्या ख्रिस्ती बाईचं आपल्या सातपुड्यात काय काम? तेवढ्यात गाडी हलली. जन्मभर मुलांना 'वाचून या, मग बोला' असं सांगणाऱ्या मास्तरला पोरीने हे ऐकवावं! घरी आलो आणि तुझ्या कपाटातलं पुस्तक काढलं. इंग्रजीच आहे, पण मला अगदीच येत नाही असं समजू नकोस. तू पेन्सिलने खुणा केल्यास, मी लाल पेनाने केल्या. रागावू नकोस, सवय आहे.

खरं सांगायचं तर तुझ्याशी भांडायला मुद्दे हवे होते म्हणून वाचायला घेतलं. मुद्दे मिळाले. पण आधी बाईचं श्रेय बाईला.

मला वाटलं होतं नन असेल. नव्हती. १८९७ चा ब्रुकलिनमधला जन्म, बाप क्रीडा पत्रकार, ही स्वतःही पत्रकार, डाव्या पेपरांत लिहिणारी. तरुणपण काही सरळ रेषेत गेलेलं नाही. १९२६ मध्ये मुलगी झाली, टमार. ज्याच्याबरोबर राहत होती त्याला देवधर्म अजिबात मान्य नव्हता. पोरीला बाप्तिस्मा द्यायचा, मग स्वतःही घ्यायचा, असं हिने ठरवलं आणि १९२७ मध्ये त्या माणसापासून वेगळी झाली. जीव होता त्याच्यावर, हे लपवत नाही. मग मंदी आली. १९३२ च्या डिसेंबरात भुकेल्यांचा मोर्चा वॉशिंग्टनला गेला, त्याची बातमी करायला ही गेली, आणि परत येते तो घरात पीटर मॉरिन नावाचा फाटक्या कोटातला फ्रेंच गृहस्थ वाट बघत बसलेला. दोघांनी मिळून १ मे १९३३ ला पेपर काढला, 'कॅथलिक वर्कर', किंमत एक सेंट. अजूनही म्हणे तेवढीच आहे. पेपरात लिहिलं की बेघरांना घरात घ्यावं, तर बेघर लोक खरंच दारात येऊन उभे राहिले. छापलंय ना, मग घ्या! तिथून ती आश्रयघरं सुरू झाली. सूप, पाव, कॉफी, आणि रात्रीला खाट. हीही तिथेच राहायची, ढेकणांत, भांडणांत, दान म्हणून आलेले जुने कपडे घालून.

हे सगळं तुला पाठ आहे. मी मला पटलेलं तेवढं सांगतो.

एक अंगठीची गोष्ट सांगतात. कोणी तरी हिऱ्याची अंगठी दान दिली. बाईने ती जेवायला येणाऱ्या एका चिडखोर म्हातारीला देऊन टाकली. बरोबरचे लोक म्हणाले, विकली असती तर तिचं वर्षाचं भाडं निघालं असतं. बाईचं म्हणणं असं की ते तिने ठरवावं. विकावी, नाही तर बोटात घालून मिरवावी, हिरे काय फक्त श्रीमंतांसाठी केलेत देवाने? मी डोक्याला हात लावला. हिशेबाच्या माणसाला हे झेपत नाही. जिजीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं. म्हातारीच्या बोटात कोण घालतो अंगठी?" तुम्हा दोघींचं रक्त एकच, दुसरं काय.

१९६० मध्ये न्यूयॉर्कच्या महापालिकेने त्यांची इमारत घेतली आणि पैसे द्यायला उशीर झाला म्हणून वर व्याज दिलं, साडेतीन हजार डॉलरच्या वर. बाईने व्याज परत पाठवलं. पैशावर पैसा घेणं धर्मात बसत नाही म्हणे. इथे मी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. त्या पैशात किती जणांची जेवणं झाली असती?

पण एका पानावर प्रश्नचिन्ह काढता आलं नाही. ज्याला सोडलं, त्याच्या आयुष्यात पुढे दुसरी बाई आली. तिला कॅन्सर झाला. हा माणूस हबकला, त्याने डोरथीलाच हाक मारली. आणि ही गेली. महिनोन्‌महिने त्या बाईचं दुखणं काढलं, शेवटपर्यंत. वैशू, अनोळखी भुकेल्याला वाढणं एक वेळ जमतं गं. त्याने आपलं काही घेतलेलं नसतं. हे मात्र मला जमलं नसतं, तुझ्या काकाच्या वेळी तू पाहिलंच आहेस.

आता माझी बाजू. तू म्हणशील आप्पा आले मुद्द्यावर.

हा विषय आपल्या गावाला नवा नाही. साने गुरुजी १९२४ ते ३० इथे प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढायचे. तुझे आजोबा गुरुजींच्या सभांना जात, आणि आमच्या लहानपणी रात्री ओट्यावर त्यांच्याबद्दल सांगत. पण १९५० च्या जूनवर आले की वाक्य अर्धंच सोडून आत निघून जायचे. एवढ्या पोरांची आई झालेल्या माणसाने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. आम्ही तेव्हा लहान, आम्हाला कळायचं नाही आजोबा पाणी प्यायला एवढा वेळ का लावतात. आता कळतं. मी तुझी तुलना करत नाही, उगीच अर्थ काढू नकोस. एवढंच म्हणतो की जगाचं दुःख उराशी धरणाऱ्याचं स्वतःचं दुःख कोणाला दिसत नाही. तू मोलगीकडच्या पाड्यापाड्यांवर बायकांचं हिमोग्लोबिन तपासत फिरतेस. तुझं किती आहे?

बघ, विषय बंद म्हणालो होतो.

तुला ती यात्रा आठवते का? तिसरीत असशील. वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा, बोरीचं वाळवंट, वाळू अशी तापलेली की बैलसुद्धा पाय उचलून धरतात. तुला नव्या चपला घेतल्या होत्या, लाल पट्ट्याच्या. पाळण्यापाशी एक पोरगी अनवाणी उभी होती, तिला तू त्या देऊन आलीस, आणि आम्हाला काही न सांगता तशीच घरापर्यंत चालत आलीस. ओसरीवर बसलीस तेव्हा तळव्यांना फोड. मी तुला ओरडलो की शाबासकी दिली हे मला आठवत नाही. तुझी आई म्हणते दोन्ही दिलं, आधी ओरडलास आणि मग चौकात जाऊन चार जणांना सांगितलंस. आजही तेच चाललंय म्हणे. सकाळी पुलावर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना आता ठाऊक आहे की ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कोयत्यांची लेकरं परत येतात तेव्हा आमची वैशू त्यांची वजनं घेते. परवा एकाने विचारलं, "पगार किती?" मी म्हणालो, भरपूर. खोटं बोललो.

ऊसतोडीवरून आठवलं. तो १९७३ चा फोटो पाहिला. कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या संपाला गेली होती बाई, वय पंचाहत्तर. डोक्याला मोठी टोपी, एका घडीच्या स्टुलावर बसलीय, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिस्तूलवाले पोलीस, पट्ट्यापर्यंतच दिसतात. ती मान वर करून त्यांच्याकडे अशी बघतेय की उशिरा आलेल्या पोरांना विचारावं, कुठे होतात रे? नंतर तुरुंगात गेलीच. तू या पानावर तीन रेघा मारल्यास. तुरुंगावर रेघ, सुपावर रेघ, ढेकणांवर रेघ. पण ज्या पानांवर तुझी एकही खूण नाही ती पानं मी जास्त वाचली.

ही बाई १९३३ ला सुरू झाली ती १९८० च्या नोव्हेंबरात गेली तेव्हाच थांबली. सत्तेचाळीस वर्षं! युद्धाच्या काळात तिने युद्धाविरुद्ध लिहिलं, पेपर घेणारे निम्म्याहून जास्त लोक तुटले, तरी टिकली. कशावर टिकली? सूप वाढून टिकली नाही. रोज सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. ती चुकवायची नाही, दारात कितीही रांग असो. शनिवारी दुपारी रेडिओवर ऑपेरा लागायचा, तेव्हा दार लावून ऐकायची. रशियन कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचायची. स्टेटन आयलंडला समुद्राकाठी एक लहानशी झोपडी होती, तिथे जाऊन राहायची, शिंपले गोळा करायची. बाहेर गरिबांची रांग आणि बाई आत गाणं ऐकतेय, याची तिला लाज वाटली नाही. तुला वाटते. दिवाळीत आली होतीस तेव्हा भरीत-भाकरी पुढ्यात ठेवली तर म्हणालीस, "पाड्यावर लोक भगर खाताहेत आणि मी इथे." आई उठून आत गेली ते तुला दिसलं नाही.

हे मला टोचतं. तिच्यातलं तू कष्ट तेवढे उचललेस. तिचा रेडिओ उचलला नाहीस.

आणि टमार. तीवरही तुझी खूण नाही. आई सगळ्यांची, म्हणून पोरीच्या वाट्याला आली तेवढी आली. आई व्याख्यानांना, पोर वसतिगृहात. अठराव्या वर्षी लग्न, पुढे नऊ मुलं, आणि चर्चपासूनही ती दूर गेली. मी हा मुद्दा तुझ्यावर फेकणार होतो. पण पुस्तकातच लिहिलंय की बाईचा जीव गेला तेव्हा टमार तिच्याजवळ होती. म्हणजे काही तरी पुरलं असेलच पोरीला. माझा मुद्दा गेला. पण रात्री दोन वाजता डोक्यात आलं, तिच्याजवळ टमार होती, आमच्या माघारी हिच्याजवळ कोण? चोपड्याच्या स्थळाचं मी आता काढत नाही, ते लोक नंतर फिरकलेही नाहीत. लग्नाचंच म्हणत नाही मी. पडलीस तर उचलायला एक माणूस, जो स्टेटस टाकायच्या आधी घरी फोन करेल, एवढंच.

भाषण झालं. सोडून दे. हेडमास्तरकी निवृत्त होत नाही, पेन्शन तेवढी सुरू होते.

तुला परत ये असं मी म्हणणार नाही. आई म्हणेल, तिचं तिला लिहू दे. तू मागे म्हणाली होतीस की शहादा-धडगाव घाटात पावसाळ्यात दरड येते, तर एस.टी. बंद असेल तेव्हा जीपच्या टपावर बसून जाऊ नकोस. आणि आठवड्यातली एक दुपार स्वतःची ठेव. मिस्साला जा असं नाही, आपलं ते नाही. पण तुझं काय आहे ते शोध. माळ्यावरची पेटी अजून सुरात आहे, मी काल भाता ओढून पाहिला, एक काळी पट्टी तेवढी अडकते. भूषण म्हणतो पेटी कशाला, तिला मोबाइलचा स्पीकर देऊ. मला वाटतं पेटीच बरी. ती वाजवताना दुसऱ्या हाताने काम करता येत नाही. येत्या गुरुवारी शहाद्याला आपल्या ओळखीचा टेम्पो चाललाय. पाठवू का, ते सांग. पाड्यावरच्या पोरांनी पट्ट्या मोडल्या तरी चालेल.

टेम्पोत कळण्याचं पीठ, बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी येतेय. तू सगळं वाटून टाकशील हे माहीत असल्यामुळे आईने यंदा दुप्पट केलंय. चटणीच्या लहान डब्यावर तुझं नाव आहे, तो एक तुझा. जिजी रोज संध्याकाळी विचारते, "जेवण झाये का व माय?" तू इथे नाहीस हे तिच्या लक्षात राहत नाही, आणि आम्ही 'हो' म्हणतो.

रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक. "ठीक आहे आप्पा" असं लिहू नकोस, आकडा लिही. दहाच्या खाली असेल तर मी रविवारच्या पॅसेंजरने नंदुरबारपर्यंत येतो, तिथून पुढचं तू बघ.

तुझा,
आप्पा

ता. क. पुस्तक परत हवं असेल तर थोडं थांब. तुझी आई वाचतेय, ती खुणा करत नाही.