मारियानो रिव्हेराचा कटर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कोणता चेंडू येणार हे बॅटरला आधीच ठाऊक असताना बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा न्यूयॉर्क यांकीज संघाकडून १९ हंगाम टिकला कसा, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे.

त्याचा हुकमी चेंडू म्हणजे कटर, शेवटच्या क्षणी किंचित वळणारा फास्टबॉल. त्याची सगळी गंमत मधल्या बोटात आहे. पकड जवळपास साध्या फास्टबॉलचीच. बोटं किंचित बाहेरच्या अंगाला सरकवायची आणि सोडताना मधल्या बोटाचा दाब वाढवायचा. मनगट मात्र वळवायचं नाही. वळलं की त्याचा स्लायडर (जास्त वळणारा, पण संथ चेंडू) होतो, वेग पडतो आणि फिरकी बॅटरला लवकर दिसते. दाब कमी पडला तर चेंडू सरळ जातो आणि मार खातो. आपल्या लेग कटरला खेळपट्टी लागते. हा हवेतच वळतो, तोही ताशी १५० किलोमीटरच्या आसपास. चेंडू पोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतो आणि बॅट फिरवायचा निर्णय त्याच्या निम्म्या वेळात घ्यावा लागतो. रिव्हेराचा चेंडू वळायचा तो त्यानंतर.

हे तो कुणाकडून शिकला नव्हता. जून १९९७ मध्ये सहकारी पिचर रामिरो मेंडोझाबरोबर सराव करताना चेंडू आपोआप वळू लागला. तो सरळ जावा म्हणून प्रशिक्षक मेल स्टॉटलमायरनी बरेच दिवस खटपट केली. जमलं नाही, ते बरंच झालं.

डावखुऱ्यांचे हाल सर्वांत जास्त. चेंडू आत घुसून बॅटच्या बारीक दांड्यावर बसायचा आणि बॅट मोडायची. दोन्ही हातांनी खेळणारे काही बॅटर तर त्याच्यासमोर मुद्दाम उजव्या हाताने उभे राहत.

सेव्ह म्हणजे शेवटी येऊन संघाची निसटती आघाडी राखणं. असे ६५२ सेव्ह त्याच्या नावावर आहेत. प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) १४१ इनिंग टाकून त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, ०.७० राहिला, हा आकडा मला त्याहून मोठा वाटतो. २०१९ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी त्याला ४२५ पैकी ४२५ मतं पडली. तोवर एकमताने कुणीच निवडून आलं नव्हतं.

२००१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे यांकीज आणि ॲरिझोना यांच्यातल्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना मिळाला तर नववी, शेवटची इनिंग नीट बघ. आधी बंटवर (बॅटने हळूच टेकवलेल्या चेंडूवर) रिव्हेराने सेकंड बेसकडे केलेली फेक चुकली, मग ॲरिझोनाच्या वोमॅकच्या डबलने (दोन बेस गाठून देणाऱ्या फटक्याने) बरोबरी झाली. तिन्ही बेसवर ॲरिझोनाचे खेळाडू, समोर डावखुरा लुईस गोन्झालेझ. धाव रोखायला इनफिल्ड (जवळचे क्षेत्ररक्षक) पुढे आणलेलं. कटर नेहमीसारखाच आत घुसला, दांड्याजवळ लागला आणि चेंडू लुळा उडाला. यांकीजचा क्षेत्ररक्षक डेरेक जेटर नेहमीच्या जागी असता तर तो सोपा झेल होता. पुढे उभा असल्यामुळे चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडला आणि ॲरिझोना जिंकलं.

तुझा,
अविनाश