कोलाज आणि फोटो आधी सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यात काळजी होते ती तैलचित्रांची. कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे, आणि गमतीचे फोटो कपाटामागे पडून राहतात. खरे तर आधी खराब होतात ते हेच. चित्रकार भूपेन खक्करांनी याच शहरात, साठच्या दशकात, देवादिकांच्या छापील तसबिरी कापून कोलाज केली. १९७२च्या प्रदर्शनपुस्तिकेत त्यांनी जेम्स बाँडच्या आवेशातले स्वतःचे फोटो छापले. हसायला लावणारी गोष्ट जपण्याजोगी नाही असे मानणे चूक आहे.

कोलाजमध्ये दोन-तीन जातींचे कागद असतात. दमट हवेत प्रत्येक कागद वेगळा फुगतो, म्हणून फोड येतात आणि कडा सुटतात. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन असते. तो पिवळा पडतोच, शिवाय त्याचे आम्ल शेजारच्या कागदालाही लागते. रबर सोल्यूशन काही वर्षांत तपकिरी डाग सोडून सुटते, सेलोटेपचेही तेच. फेविकॉल पकडतो खरा, पण पुढे दुरुस्तीसाठी कागद सोडवताना फाटतो. मैद्याच्या खळीला कसर लागते. ती लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे. ती कृपया बंद करावी, कारण तांब्याच्या अंशाने कागद लवकर कुजतो.

खळ गव्हाच्या स्टार्चची करावी. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळायचे. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळायचे. लागेल तेवढीच करावी. आंबूस वास आला की फेकून द्यावी.

फ्रेम करताना कोलाज चारी बाजूंनी चिकटवू नये. वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन पट्ट्या पुरतात, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला वाव राहतो. काच आणि चित्र यांत किमान ३ मिलिमीटर अंतर हवे, उंचवटे असतील तर जास्त. पाठीला प्लाय किंवा हार्डबोर्ड नको, आम्लविरहित बोर्ड घ्यावा. बाहेरच्या भिंतीवर टांगायचेच असेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावावेत, मागे हवा खेळते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही.

फोटोवरचा जिलेटिनचा थर दमटपणाने मऊ होऊन काचेला चिकटतो. तो ओढू नये. काचेसकटच स्कॅन करून घ्यावा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो ठेवू नयेत आणि मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल वापरावी. जुन्या प्रदर्शनपुस्तिकांच्या गंजक्या पिना काढून तिथे दोऱ्याने टाके घालावेत.

तैलचित्रांबद्दल एवढेच, की ती ओल्या फडक्याने किंवा कापलेल्या बटाट्याने पुसू नयेत.

प्रदर्शने भरवणाऱ्यांना एक विनंती. चित्राखालच्या पाटीवर नुसते ‘मिश्र माध्यम’ लिहून काही कळत नाही. कागद कोणता, गोंद कोणता, छपाई कशाची, हे कलावंताकडून विचारून फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्याला ओला बोळा लावण्याआधी हेच ठाऊक असावे लागते.

आपले,
कागद व चित्रांच्या जतनाचे काम करणारे काही जण,
दांडिया बाजार, बडोदे