दारू सोडवताना मनही तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सातपूरचा कामगार असो की निफाडचा द्राक्ष बागायतदार, दारूपायी दवाखान्यात आला की केसपेपरवर एकच शब्द पडतो : व्यसन. झोप कधीपासून उडाली, जीव नकोसा वाटतो का, हे क्वचितच विचारलं जातं. विचारलं तर पुष्कळदा कळतं, बेचैनी आधीची आणि दारू नंतरची. रात्रीच्या क्वार्टरने ती दबते, पहाटे दुपटीने उसळते, मग सकाळीच बाटली लागते. याला 'इच्छाशक्ती नाही' म्हणणं अन्यायाचं आहे.

सर्वांत घातक चुका पहिल्या चार दिवसांत होतात. घरचे माणसाला खोलीत कोंडतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. 48 तासांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बरळणं, ताप. उपचार नसतील तर यात जीव जातो, आणि घरचे भगताकडे धावतात. औषधं साधी आहेत : दारू तुटल्याचा त्रास आणि फिट रोखणारं क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम, आणि थायमिनचं म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. थायमिन ग्लुकोजच्या आधी द्यायचं. उलट झालं तर शरीरातलं उरलंसुरलं थायमिन संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पेठ, सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयांत हे भिंतीवर लिहिलेलं हवं.

मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणतात त्या अल्प्राझोलाम या नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिंताशामक गोळीचंही तसंच. ती झटक्यात बंद केली तर फिट येते, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. आणि डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध नवऱ्याच्या नकळत वरणात मिसळणं थांबलंच पाहिजे. वर दारू गेली की रक्तदाब कोसळतो.

उदासी दारूमुळे की दारू उदासीमुळे, हे पहिल्या आठवड्यात ठरत नाही. दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासावं. दारूने आणलेली उदासी तोवर बरीच ओसरते. उरली तर तिचे वेगळे उपचार लागतात. आत्महत्येच्या विचारांबद्दल मात्र पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत विचारायचं.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या. तरी व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे आणि मन आपल्याकडे. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं.

म्हणून ओपीडीत 'ऑडिट' या दारूच्या सवयी तपासणाऱ्या चाचणीचे 10 प्रश्न आणि नैराश्याची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली एकाच कागदावर छापा. ऑडिटमध्ये 8 किंवा अधिक गुण आले की त्याच दिवशी समुपदेशकाची भेट. डिस्चार्ज कार्डावर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आणि पुढच्या चार तारखा, पहिली आठवड्याच्या आत. या तारखा रुग्णाला विचारून ठरवा. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत बागेतला माणूस येऊ शकत नाही. त्या दिवसांत समुपदेशकानेच फोन करायचा.

आपले,
व्यसन व मानसिक आरोग्य क्षेत्रातील समुपदेशक, नाशिक