स्वभावाचे एकच जनुक नसते

महोदय,

रागाचे, नैराश्याचे, हुशारीचे ‘जनुक सापडले’ अशा बातम्या अधूनमधून येतात आणि ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळतो. संशोधन इतके सरळ बोलत नाही. जुळ्यांवरील 50 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या गुणवैशिष्ट्यांची सरासरी आनुवंशिकता 49 टक्के निघाली. हा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. परिस्थिती बदलली की तो आकडाही बदलू शकतो.

शिवाय एकटे जनुक स्वभावात फारसे काही करत नाही. हजारो जनुकीय बदलांचा प्रत्येकी किंचित वाटा असतो. नैराश्याशी वर्षानुवर्षे जोडलेली 18 जनुके 2019 च्या एका मोठ्या पडताळणीत इतर कुठल्याही जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. (ती बातमी किती जणांनी वाचली असेल?) स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही.

तेव्हा अशी बातमी छापताना किती लोकांवर अभ्यास झाला आणि इतर संशोधकांना तोच निष्कर्ष मिळाला का, हे दोन ओळींत द्यावे, ही विनंती.

– एक वाचक